पाचवीला झेपेल असा संप

पाचवीच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीत दोष कोणाचा असू शकतो, हे आमच्या ऑफिसात कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. दोष पावसाचा असू शकत होता, म्हणजे न पडलेल्या. वाऱ्याचा आणि धुळीचा तर हक्कानं. बँकेचा चालायचा, मात्र बँक दूरच्या शहरात हवी आणि तिच्यात माणसं दिसायला नकोत. आणि शेवटी, एखाद्या वाईट माणसाचा. वाईट माणूस एकच. दोन झाले की त्यांच्यात आपापसात काही ठरलंय असं वाटायला लागतं, आणि तिथून पुढे राजकारण सुरू होतं.

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, एका लहानशा प्रकाशनसंस्थेत कॉपी एडिटर होते. आम्ही शाळांसाठी पूरक वाचनाची पुस्तकं काढायचो. शेजारच्या डब्लिन गावातल्या आपल्या मराठी मंडळींना मी लायब्ररीत असते असं वाटायचं. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून डबे आणून केलेल्या जेवणाला, एखाद्या काकू हमखास विचारायच्या, "नलिनी, तुझी लायब्ररी काय म्हणते?" सुरुवातीला मी समजावून सांगायची. नंतर "बरी आहे" म्हणायला लागले. आता नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, आणि मी नक्की काय करायची हे नीट माहीत असलेला माणूस, म्हणजे श्रीधर, माझा नवरा, गेल्या वर्षी गेला. तेव्हा हे एकदा लिहून ठेवावं असं वाटलं. माझं लिहिणं आता सावकाश होतं. एक परिच्छेद झाला की स्वयंपाकघराच्या दिशेनं तोंड करून वाचून दाखवायची सवय होती. तिकडून "हं" आलं की पुढचा परिच्छेद. "हं" आलं नाही की तोच पुन्हा. आता माझं मलाच ठरवावं लागतं, त्याला वेळ लागतो.

त्या काळात शाळांना मंदीवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या हव्या असायच्या. मंदी म्हणजे एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं, जेव्हा शेत किंवा नोकरी गेलेली कुटुंबं जुन्या मोटारींच्या टपावर गाद्या बांधून, पिकांच्या मागे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरत होती. मटार, चेरी, कांदे, बीट. जिथे तोडणी, तिथे तंबू. मुलांना ही पुस्तकं आवडायची, कारण त्यांत शाळा बुडते. शिक्षकांना आवडायची, कारण त्यांतून इतिहास शिकवता येतो. अडचण एवढीच होती की ते लोक इतके गरीब का होते, हा प्रश्न कुठलंही बरं पुस्तक वाचून मुलाला पडतोच. त्याचं उत्तर वर सांगितलेल्या यादीतून द्यावं लागे.

माझं काम दोन प्रकारचं होतं. पहिलं, लेखकाला शंका विचारायच्या. ऐतिहासिक कादंबरीत 'हे खरं घडलं का' असं विचारत नाहीत. 'असं घडू शकलं असतं का' एवढंच विचारतात. त्या साली त्या गावात वीज होती का, त्या महिन्यात ते पीक उभं असतं का. दुसरं काम मोजण्याचं. प्रत्येक पुस्तकावर ते कितवीला झेपेल हे छापावं लागे, आणि ते ठरवायचं एक सूत्र होतं. परिच्छेदातले शंभर शब्द घ्यायचे, त्यात वाक्यं किती ते बघायचं, उच्चारताना त्या शब्दांचे किती तुकडे पडतात ते बघायचं, आणि तक्त्यावर बोट ठेवायचं. बोट पडेल ती इयत्ता. वाक्यं आखूड आणि शब्द छोटे असले की इयत्ता खाली, लांब झाले की वर. अर्थासाठी तक्त्यात जागा नव्हती.

हे मी कागदावर रेघोट्या मारून करायची, ते श्रीधरला बघवेना. तो इंजिनिअर होता. त्यानं घरी टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर आणला होता, त्यावर त्यानं माझ्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. परिच्छेद टाइप केला की पडद्यावर हिरव्या अक्षरांत इयत्ता उमटायची. 'ओहायो' हा शब्द मात्र तो प्रत्येक वेळी चुकीचा तोडायचा. "राज्य सोडून बाकी सगळं बरोबर आहे," श्रीधर म्हणाला.

आमच्या वरती होत्या कमिट्या. मोठ्या राज्यांत सगळ्या शाळांसाठी पुस्तकं एकत्र निवडली जात, आणि निवडणाऱ्या कमिट्या आक्षेप कळवत. एका कादंबरीत नाताळच्या दिवशी उपाशी कुटुंबातल्या मुलांना कुणीतरी पेपरमिंटच्या गोळ्या देतं. एका कमिटीनं कळवलं की मुलांपुढे गोड खाण्याचा आदर्श ठेवला जातोय. आम्ही गोळ्या काढून सफरचंदं दिली. मग माझ्या लक्षात आलं की ते कुटुंब सफरचंदं निवडून खोक्यांत भरायलाच आलेलं आहे आणि महिनाभर दुसरं काही खात नाहीये. आमचा मुख्य संपादक डॉन, त्याला मी तसं सांगितलं. डॉननं विचार केला आणि म्हणाला, "नाशपाती."

डॉन वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्याला पुस्तकं आवडायची आणि ती शाळेत पोचावीत असं वाटायचं. पोचण्यासाठी पुस्तकातलं काय काय काढावं लागतं, हे तो डॉक्टरच्या चेहऱ्यानं सांगायचा.

एडना टॉलिव्हरचं हस्तलिखित गवताचे भारे बांधायच्या सुतळीनं बांधून आलं. या बाई ओहायोच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका गावात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. कादंबरी केंटकी राज्याच्या डोंगराळ भागातल्या एका कुटुंबाची. शेत जातं, कुटुंब उत्तरेला ओहायोत बीटाच्या शेतांवर मजुरीला येतं. हे बीट आपण कोशिंबिरीत घालतो ते नाही, पांढरं, साखरेचं. शेतं शेतकऱ्यांची, बीट विकत घेणारी साखर कंपनी, आणि मजूर आणून देणारा कंत्राटदार, म्हणजे आपल्याकडचा मुकादम.

मी ती कादंबरी एका बैठकीत वाचली. माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. वडील तिथल्या प्रयोगशाळेत होते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, कॉलनीच्या कुंपणापलीकडे पाचटाच्या कोप्या उठायच्या, आणि वर्गात काही नवी मुलं येऊन बसायची. ती दोन-चार दिवस दिसायची, मग दिसायची नाहीत. तेव्हा बीटाच्या शेताबद्दल मला काही माहीत नसलं तरी काय विचारायचं ते माहीत होतं.

बीट पेरलं की रोपं झुपक्यानं उगवतात. वीतभर अंतरावर एकेक रोप ठेवून बाकीची उपटायची, म्हणजे विरळणी. हे काम उभ्यानं होत नाही. गुडघ्यांना गोणपाट बांधून ओळीच्या ओळी रांगत जायचं. पहाटेपासून अख्खं कुटुंब रांगतंय, आणि दुरून बघणाऱ्याला शेत रिकामं वाटतं. एडनाच्या सातव्या प्रकरणात विरळणीच्या ऐन हंगामात, ठरलेली मजुरी कमी केल्याचं कळल्यावर, एकोणीस वर्षांचा एक मुलगा ओळीच्या मध्येच उभा राहतो. बाकी काही करत नाही. मग दुसऱ्या ओळीतला एक जण उभा राहतो. मग आणखी. रिकामं वाटणारं शेत माणसांनी भरून जातं. सगळ्यात शेवटी मुलाचे वडील, ज्यांनी आधीच्या प्रकरणांत त्याला घरबुडव्या म्हटलेलं असतं, ते उठतात आणि चालत येऊन त्याच्या उजव्या बाजूला उभे राहतात. प्रकरण संपतं.

मुलाचं नाव रॉय. मी शंकांची चिठ्ठी केली आणि एडनाला फोन लावला.

"तिसऱ्या प्रकरणात वडील रॉयला घरबुडव्या म्हणतात," मी म्हटलं. "सातव्यात ते त्याच्याजवळ येऊन उभे राहतात. मधे त्यांचं मन कधी बदललं, ते आलेलं नाही."

"बदललं नाही," एडना म्हणाली.

"मग ते उभे कसे राहतात?"

"मी उभं केलं त्यांना. मिसेस देव, ही कादंबरी आहे."

मग तिनं सांगितलं. कादंबरीत बाकी सगळ्यांची नावं तिनं बदलली होती, भावाचं बदललं नव्हतं. रॉय खरंच तसा उभा राहिला होता. लोकही उभे राहिले होते. तीन दिवसांनी शेरीफचे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाचे, लोक ट्रक घेऊन आले आणि रॉयला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर सोडून आले. कुटुंबाला पुढे त्या भागात कुणी काम दिलं नाही. वडील त्या दिवशी गुडघ्यांवरच राहिले, आणि मरेपर्यंत मुलाशी बोलले नाहीत. रॉयनं पुढे टोलेडोच्या रेल्वे यार्डात जन्म काढला आणि या विषयावर तोही काही बोलला नाही. आता तो तिच्या गावाजवळच्याच एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धाश्रमात, होता, आणि त्याचं हृदय डॉक्टरांच्या भाषेत 'जितकं चालेल तितकं' होतं.

"त्यांना माहितेय, तुम्ही हे लिहिलंय?"

"नाही. आणि टाइप केलेलं दाखवणार नाही. टाइप केलेलं म्हणजे त्याच्यासाठी एडनाची बडबड. छापलेलं असलं की माणूस मानतो. मला ते छापून हवंय, आणि तो असताना हवंय. बाकी तुमच्या शंका काय आहेत?"

बाकीच्या शंका विजेच्या दिव्याबद्दल होत्या.

हस्तलिखित नियमाप्रमाणे दक्षिणेकडच्या एका मोठ्या राज्याच्या कमिटीकडे गेलं. आमचा सेल्स मॅनेजर गॅरी त्या राज्यावर डोळा ठेवून होता. उत्तर आलं की पुस्तक चांगलं आहे, मात्र सातवं प्रकरण एकांगी आहे. त्यात संपाचं समर्थन आहे. त्याऐवजी मतभेद चर्चेनं मिटतात असं दाखवता येईल का.

"येईल," गॅरी म्हणाला.

एडना म्हणाली, "नाही येणार. ते प्रकरण काढायचं तर हस्तलिखित परत पाठवा. सुतळीसकट."

तेव्हा डॉननं ठरवलं की पर्यायी प्रकरण आपणच लिहून बघू, म्हणजे तिला पटवता येईल. त्यानं मनापासून लिहिलं. त्यातला मुख्य परिच्छेद मी इथे मराठीत आणते, लांबी मूळचीच ठेवली आहे: "हंगामी कामगार आणि व्यवस्थापन यांच्यामध्ये पारिश्रमिकविषयक अपेक्षांच्या संदर्भात मतभिन्नता निर्माण झाली, तथापि परस्परसंवादाच्या माध्यमातून सर्वसंमत तोडगा काढण्यात आला."

मी तो घरी नेऊन कॉम्प्युटरला दिला. श्रीधर मागे उभा होता. पडद्यावर आलं, कॉलेज, दुसरं वर्ष.

"प्रोग्रॅम बिघडला का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत लोकांना काढतात तेव्हा असंच पत्र येतं. ते वाचायला पदवी लागते." मग म्हणाला, "नलू, तुला मोजायला ठेवलंय. तू मोजून दे. मत देऊ नकोस."

आम्ही दोघंही सभा, मोर्चे यांच्यापासून चार हात लांब राहणाऱ्या घरांतले. व्हिसावर आलेल्या माणसाला ही सवय फार उपयोगी पडते, आणि नागरिकत्व मिळाल्यावरही ती जात नाही. मी मोजून दिलं.

डॉनच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यानंच लावलेला नियम होता: कुठलंही प्रकरण ठरलेल्या इयत्तेच्या वर जाता कामा नये. त्यानं इयत्ता बघितली, नियमाकडे बघितलं आणि दुसरा खर्डा लिहिला. "कामगारांना अधिक मजुरी अपेक्षित होती. व्यवस्थापनानं असमर्थता व्यक्त केली. त्यानंतर चर्चा झाली आणि काम सुरळीत सुरू राहिलं."

"आठवी," मी म्हटलं.

"कुठे अडतंय?"

"'असमर्थता व्यक्त केली' फार लांब आहे."

"आखूड काय होईल?"

"'नाही म्हणाले.'"

त्यानं ते लिहिलं. "आणखी?"

"'अपेक्षित होती' ऐवजी 'हवी होती.' 'व्यवस्थापन' ऐवजी मालक. 'त्यानंतर चर्चा झाली', यात चर्चेत काय झालं?"

"काही नाही. बोलले."

"मालक काय बोलला?"

"नाहीच म्हणाला असणार," डॉन म्हणाला, आणि पेन्सिल थांबली. "पण मग काम सुरळीत का सुरू राहिलं?"

ते मोजण्यात येत नव्हतं.

आठवडाभर हे चाललं. डॉन सकाळी नवा खर्डा आणायचा, मी इयत्ता सांगायची. प्रत्येक वेळी तो एखादा लांब शब्द काढायचा, आणि तो शब्द ज्या गोष्टीवर पांघरूण घालून बसलेला असायचा ती गोष्ट उघडी पडायची. शुक्रवारी त्यानं शेवटचा कागद माझ्यापुढे ठेवला. "मजुरांना जास्त हवं होतं. मालक नाही म्हणाला. मजुरांनी काम थांबवलं."

"चौथी," मी म्हटलं. "आता चालेल."

डॉननं कागद हाताच्या अंतरावर धरून वाचला. बराच वेळ वाचला. मग विचारलं, "एडनाचं प्रकरण कितवीचं आहे?"

"चौथीचंच."

"आणि हे तिच्यापेक्षा चांगलं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. नोकरीत दिलेलं माझं ते पहिलं मत असावं. तो हसला नाही, रागावलाही नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यानं सांगितलं की सातवं प्रकरण एडनाचंच राहील, कारण सूत्रात तेच बसतं.

गॅरीनं विचारलं, "निदान त्यातला 'संप' हा शब्द तरी काढू या?"

"त्यात तो शब्द नाहीच," मी म्हटलं. "ते फक्त उभे राहतात."

"मग कमिटीला कुठे सापडला?"

सगळ्यांनी पानं चाळली. तो हस्तलिखितासोबत पाठवलेल्या आमच्या शिक्षक-पुस्तिकेत होता. प्रकरण सात, मुख्य कल्पना: संप. पुस्तिका गॅरीच्याच विभागानं केली होती.

पण गॅरी रिकाम्या हातानं उठणाऱ्यांपैकी नव्हता. रॉय उभा राहायचा तर राहू दे, तो म्हणाला, पण साखर कंपनी, शेरीफ आणि त्याचे ट्रक, आणि कंपनीच्या ऑफिसात मजुरी ठरते तो प्रसंग, हे तिन्ही जायला हवं. त्याशिवाय तो पुस्तक छपाईला पाठवू देणार नाही. एडना फक्त माझ्याशी बोलायची, म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे सगळं काढलं तर पुस्तक कधी निघेल?"

"वसंतात."

"आणि मी भांडत बसले तर?"

"पुढच्या वर्षी. किंवा नाही."

"रॉयला पुढचं वर्ष नाही," ती म्हणाली. "शेरीफ घ्या. कंपनी घ्या. माझ्या भावाला आणि बापाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"मग आता दोष कोणाचा उरला?"

"मुकादमाचा."

"एकट्याचा?"

"एकट्याचा."

"त्याला धड वाचतासुद्धा येत नव्हतं," एडना म्हणाली. "तुम्ही साखर कारखान्यात वाढलात म्हणालात. तुमच्याकडे कोणाचा असायचा?"

कॉलनीत संध्याकाळी वडिलांचे सहकारी ओट्यावर बसायचे, कोप्यांकडे बघत हळहळायचे. मुकादम फार पिळतो हो, असं म्हणायचे. मग कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि पाळी बदलायची.

"मुकादमाचाच," मी म्हटलं.

"तो फार फिरलेला दिसतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला या नोकरीचा अभिमान आहे, आणि त्याच्या मधोमध हे पुस्तक आहे. छापून आलेल्या त्या कादंबरीत मजूर गरीब का, याचं उत्तर वाऱ्यात सुरू होतं आणि एका लठ्ठ कंत्राटदारापाशी संपतं. कंत्राटदाराला मजुरी कमी करायला कोणी सांगितलं, हे त्यात नाही. एक माणूस उभा राहिल्यावर शेत कसं भरतं, हे आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या उभ्या राहिलेल्या माणसांचं काय झालं, हे नाही. एडनानं आपल्या पुस्तकातलं राजकारण भावासाठी दिलं. तिच्या जागी मी काय केलं असतं याचा मी अलीकडे पुष्कळदा विचार करते. आपलं माणूस असताना त्याच्या हातात काय ठेवायला मिळालं, एवढंच शेवटी उरतं, असं काही दिवशी वाटतं. काही दिवशी वाटतं की पाचवीतल्या कितीतरी मुलांना तो शेरीफ कळायला हवा होता.

त्या मोठ्या राज्यानं पुस्तक घेतलं नाही. दुसऱ्या प्रकरणात मुलं कॉफी पितात, असं कारण त्यांनी कळवलं. इतर राज्यांनी घेतलं.

पहिल्या प्रती आल्या तेव्हा एडनानं फोन केला. रॉयकडे जायचंय, तिला आता गाडी चालवू देत नाहीत, आणि गावातल्या कुणाला सोबत न्यायचं तिच्या मनात नाही. शनिवारी श्रीधरनं गाडी काढली. दोन तासांच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना काळी, सपाट, नुकतीच नांगरलेली जमीन होती. एडना फोनवर वाटायची त्यापेक्षा निम्मी होती. मागच्या सीटवर पुस्तक मांडीवर धरून बसली आणि श्रीधरला डावीकडे, उजवीकडे सांगण्यापलीकडे काही बोलली नाही.

रॉय खिडकीशी खुर्चीत बसलेला होता. मोठ्या हाडाचा माणूस, अंगावर आता फक्त हाडंच उरलेली. त्यानं श्रीधरकडे बघून विचारलं, "डॉक्टर?"

"नाही. इंजिनिअर."

"बसा मग," रॉय म्हणाला. "डॉक्टर पुष्कळ झाले."

एडनानं प्रस्तावना केली नाही. सातवं प्रकरण उघडून पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे वाच. बाकीचं नंतर वाच."

तो पाचवीच्या मुलासारखा, ओळीखाली बोट धरून वाचत गेला. आम्ही तिघं बसून राहिलो. श्रीधरनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रॉयच्या बोटाकडे. बोट मधे एका ठिकाणी थांबलं, मला वाटतं जिथे पहिल्यांदा त्याचं नाव येतं तिथे. मग पुन्हा सरकू लागलं. शेवटच्या परिच्छेदापाशी पोचलं. तिथे बराच वेळ गेला.

"बाबा आले?" त्यानं विचारलं.

"कादंबरी आहे, रॉय," एडना म्हणाली.

तो परत त्या ओळीकडे वळला. एडनानं हातातल्या पर्सचं बक्कल उघडलं, बंद केलं. मला वाटलं आता तो पुस्तक मिटून ठेवेल, आणि तिनं शेरीफ दिला, कंपनी दिली, ते सगळं व्यर्थ होईल.

"चूक आहे," रॉय म्हणाला.

एडनानं पर्स बाजूला ठेवली.

"उजव्या बाजूला लिहिलंयस. बाबांना डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. ते नेहमी आपल्या डाव्या हाताला राहायचे, म्हणजे उजवा कान आपल्याकडे. चर्चमध्येसुद्धा. आठवत नाही तुला?" त्यानं डावा हात खुर्चीच्या बाहेर, जरा लांब धरला, तिथे कुणी उभं असल्यासारखा. "माझं ऐकायला आले असते, तर इथे उभे राहिले असते."

"हो," एडना म्हणाली. "बरोबर आहे. इथेच."

"दुरुस्त कर."

"पुढच्या आवृत्तीत करते."

तो हात त्यानं लगेच मागे घेतला नाही.

परतताना, एडनाला घरी सोडल्यावर, श्रीधरनं आधी गाडी हायवेला लावली. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुला मत देऊ नकोस म्हटलं होतं."

"मी दिलं," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला.

दुसरी आवृत्ती निघायला वर्ष लागलं. तोवर रॉय गेला होता. छापून झालेल्या पुस्तकात बदल करायचा तर आमच्याकडे एक पद्धत होती. बदलाचं कारण लिहायचं, आणि कारण तथ्यदोष असेल तर पुरावा कुठला तेही लिहायचं. मी 'उजव्या' खोडून 'डाव्या' केलं. कारण लिहिलं: तथ्यदोष. पुराव्यापुढे लिहिलं: रॉय टॉलिव्हर, त्या दिवशी शेतात हजर.

डॉनला सगळी हकिकत माहीत होती. वडील त्या दिवशी उठलेच नव्हते, हेही. त्यानं कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि सही केली.